अकरा गुंठ्यांचा दौरा

भाव सांगितला की गप्प बसायचं. पाणी प्यायचं नाही, कागद चाळायचे नाहीत, समोरच्यावरची नजर काढायची नाही. जो आधी तोंड उघडेल तो हरला.

पुण्यात प्लॉट विकणाऱ्या एका ऑफिसात मी दीड वर्ष फोन करायचं काम केलं. तिथं पहिल्या आठवड्यात हे शिकवलं होतं. रोज दीडशे नंबर, त्यातले दहा-बारा लोक बोलायचे, त्यातल्या दोघांना रविवारच्या 'साइट व्हिजिट'ला गाडीत बसवायचं. वरण-भात-जिलेबीचं जेवण फुकट. बसमध्ये दोन माणसं आमचीच असायची, तीही गिऱ्हाईक असल्यासारखी बसून 'कोपऱ्याचा प्लॉट मीच घेणार' म्हणायची. नोकरी सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यावर नाटक लिहिलं. तीन विक्रेते, एक टेलिकॉलर आणि एक म्हातारी. तिची अकरा गुंठे जमीन कंपनीच्या लेआउटच्या तोंडाशी आहे. ती मिळाली नाही तर मागच्या सगळ्या प्लॉटना रस्ताच नाही. म्हातारी मी करते.

तिसऱ्या प्रवेशात विक्रेता म्हातारीच्या ओट्यावर येतो, भाव सांगतो आणि गप्प बसतो. संहितेत मी एवढंच लिहिलंय : 'शांतता. मग म्हातारी म्हणते, चहा घेणार?' आमचा प्रकाशयोजनेचा पोरगा प्रत्येक प्रयोगाला ही शांतता मोबाइलवर मोजतो. पुण्यातल्या पहिल्या तिन्ही प्रयोगांना ती नऊ सेकंदांच्या आसपास होती. डिसेंबरात सात माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि चार प्रयोग असा दौरा करून आलो. त्याचं हे लिहून ठेवते आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४ : पुणे ते सांगली

पहाटे पाचला निघालो. नेपथ्य म्हणजे दोन टेबलं, चार खुर्च्या, घडीची लाकडी पाटी, आणि ओटा. ओट्याचे तीन तुकडे होतात, ते मागच्या सीटखाली बरोबर बसतात. साताऱ्याजवळ चहा-पोहे, कऱ्हाडच्या पुढे ऊसतोडीच्या बैलगाड्या लागल्या आणि वेग आपोआप कमी झाला. थंडी चांगली होती. उसाच्या फडात पाचट पेटवलं होतं, त्याचा वास गाडीत भरून राहिला.

सांगलीत शिरल्यावर अण्णांनी गाडी आधी विष्णुदास भावे नाट्यमंदिराकडे घ्यायला लावली. अण्णा आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, बँकेतून निवृत्त झालेले. विक्रेत्याची भूमिका तेच करतात. त्यांनी चपला काढल्या आणि पायरीला हात लावला. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आपला रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला. नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. आमचा प्रयोग मात्र एका शाळेच्या सभागृहात होता. शंभर-सव्वाशे माणसं आली.

सांगलीचा प्रेक्षक नाटक कानानं बघतो. पहिल्या अंकात ऑफिसातले तिघं एकमेकांच्या 'लीड' (घेण्याची शक्यता असलेली गिऱ्हाइकं) पळवतात तो प्रवेश भराभर जातो, पुण्यात त्यात चार-पाच हशे पडायचे. इथं शांत. मला वाटलं प्रयोग पडला. तिसऱ्या प्रवेशात अण्णा भाव सांगून थांबले आणि त्या शांततेत मागच्या रांगेतला पंखा ऐकू आला. चौदा सेकंद, पोऱ्यानं नंतर सांगितलं. मी 'चहा घेणार?' म्हटलं तेव्हा कुठून तरी 'हं…' असा एकच हुंकार आला, बऱ्या गायकाला देतात तसा.

प्रयोगानंतर आम्ही ओटा सोडवत होतो तेव्हा एक आजोबा विंगेत येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, धोतर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून वर्तमानपत्राची घडी, तिच्यातून कागद. घडीवर घडी पडून कागद चार जागी फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावली होती.

"पोरी, तुला ह्यातलं कळतंय न्हवं? एवढं बघ."

२०११ सालचं नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढं जमीन विकू असा करार, होतं. दोन गुंठे, पुण्याच्या बाजूला. मुलगा तिकडं नोकरीला होता म्हणून घेतलेले. मी हॅलोजनच्या उजेडात वाचत गेले आणि पुढचं वाक्य काय असणार ते मला वाचायच्या आधी कळत गेलं. शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात : कोणत्याही कारणास्तव ही रक्कम परत मिळणार नाही. आमच्या ऑफिसच्या पावतीवरही हेच होतं, त्याच जागी. ऑफिस दुसरं होतं, पण फोनवर मीही तशीच बोलले होते.

आजोबांनी भाव सांगितलेला नव्हता, पण मी गप्प बसले. मग गट नंबर उतरवून घेतला आणि बघून फोन करते म्हणाले.

(सांगलीत प्रयोग करणाऱ्यांसाठी : सभागृहाच्या माणसाला फोनवर 'लाइट आहेत का' असं विचारू नका, सगळे 'आहेत' म्हणतात. थ्री फेज आहे का, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) किती चॅनेलचा, रंगमंचाची खोली किती फूट, हे विचारा आणि जमलं तर फोटो मागवा. मागचा काळा पडदा स्वतःचा न्या.)

शनिवार, १४ डिसेंबर : हरिपूर आणि कोल्हापूर

सकाळी हरिपूरला गेलो. सांगलीपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर, दुतर्फा जुनी झाडं. कृष्णा आणि वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. घाटावर धुकं होतं, दोन बायका कपडे धूत होत्या, पाण्यातून वाफ निघत होती. गोविंद बल्लाळ देवल या गावचे. १८९९ सालचं 'संगीत शारदा' आपण जरठकुमारी विवाहाचं नाटक म्हणून शाळेत शिकतो. घाटाच्या पायरीवर बसल्यावर मला त्यातला भद्रेश्वर दीक्षित आठवत राहिला. तो स्थळं जुळवणारा दलाल. म्हाताऱ्या भुजंगनाथाला तो बोहल्यावर चढवतो, शारदेच्या बापाला, कांचनभटाला, पैशाची चटक लावतो. तो कुणावर जबरदस्ती करत नाही. ज्याला जे हवं ते त्याच्याच तोंडून काढून घेतो आणि मग त्यालाच विकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी देवलांनी आमचा विक्रेता लिहून ठेवला होता, आणि मी ऑफिसच्या पांढऱ्या बोर्डावर त्याला शोधत होते. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तर भद्रेश्वर करणारा नट गोड बोलणारा लागतो. खलनायकाचा आवाज काढला की संपलं."

हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. घाटावर भेटलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला एका बुजलेल्या पेवापाशी नेलं. तोंड अरुंद, आत माणूस उभा राहील एवढी जागा. उतरायच्या आधी तोंड उघडून ठेवायचं, कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर आत जायचं नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं बाद झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं तेव्हा हरिपुरातली अर्धी पेवं मातीनं भरलेली होती, असं ते गृहस्थ म्हणाले, आणि मग आम्हाला घरी नेऊन हळदीचं दूध पाजलं. गूळ घातलेलं, वर सायीचा तवंग. घरच्या काकूंनी निघताना प्रत्येकीच्या हातात हळकुंडाची पुडी ठेवली. ती पुडी अजून माझ्या मेकअपच्या डब्यात आहे, डबा उघडला की आधी तिचा वास येतो.

त्या दिवशी दत्तजयंती होती. जयसिंगपूरपासून नरसोबाच्या वाडीकडे वळणाऱ्या रस्त्याला माणसांची रीघ लागलेली. बायका अनवाणी, डोक्यावर पदर, पोरं खांद्यावर. पन्नास किलोमीटरला अडीच तास लागले. कंटाळा आला नाही. फाट्यावर कवठाची बर्फी घेतली, आंबट-गोड आणि थोडी चिकट. ट्रॅफिकमध्ये अडकायचंच असेल तर बर्फीच्या दुकानासमोर अडकावं.

कोल्हापुरात दुपारी अण्णा एकटेच उतरले आणि चालत गेले. मी मागं गेले. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाहेर उभे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं हे पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, रंगमंच आणि छप्पर गेलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. चार महिन्यांनी आम्ही बघत होतो, तरी नजर वर गेली की तिथं छपराऐवजी आभाळ दिसायचं. अण्णा तरुणपणी इथं राज्य नाट्य स्पर्धेत उभे राहिले होते. म्हणाले, "माइक नव्हता. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. घरी गेल्यावर म्हणाली, तू 'गेला' हा शब्द खाल्लास." एवढंच बोलले. शेजारी खासबागेत नेहमीसारखी भेळ चालू होती. आम्ही दोघांनी एक भेळ घेतली आणि उभ्यानं खाल्ली.

संध्याकाळच्या प्रयोगाला वीज गेली नाही, पण सभागृहाचं वायरिंग आमचा भार पेलू शकलं नाही. फोनवर 'थ्री फेज आहे' म्हणाले होते. ते मुख्य इमारतीत होतं, सभागृहात नव्हतं. दहाव्या मिनिटाला डिमर बसला. पोऱ्या मागं धावला, दोनदा फ्यूज बदलला, मग येऊन दिग्दर्शकाच्या कानात काहीतरी बोलला आणि सभागृहातल्या सगळ्या ट्यूबलाइट लागल्या. बाकीचं नाटक पांढऱ्या ट्यूबमध्ये झालं. प्रेक्षकांची तोंडं स्वच्छ दिसत होती, त्यांनाही एकमेकांची. कोल्हापूरकर मात्र उठले नाहीत. उलट पुढच्या रांगेतले चौघं म्हणाले, "चालू दे की ओ, आम्ही काय काळोख बघाय आलोय?"

तिसरा प्रवेश आला. अण्णांनी भाव सांगितला. एक, दोन… सहाव्या सेकंदाला अण्णाच बोलले. "मावशी, विचार करा, घाई नाही," असं काहीतरी, जे संहितेत नाही. विक्रेता हरला. मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. दीडशे वेळा तालमीत न बोललेला माणूस बोलला होता.

रात्री जेवताना तांबडा-पांढरा समोर होता आणि अण्णा भाकरीचे तुकडे करत बसले. मग म्हणाले, "पाठीशी काळोख नसला की मला थांबता येत नाही गं. आज तर छपराकडे बघून आलो होतो." कुणी काही बोललं नाही. वाढणाऱ्या मुलानं न विचारता त्यांच्या वाटीत पांढरा रस्सा आणखी घातला.

प्रयोगानंतर भेटायला आलेले एक शेतकरी मात्र खूश होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, शेवटी तुम्ही जमीन देतायसा का न्हाई ते दाखवलंच न्हाई." मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? "देणार. रस्त्याच्या कडंची जमीन कुणाला ठेवता येतीय ओ?" अकरा गुंठे म्हणजे बारा हजार चौरस फुटाला थोडं कमी, हे त्यांनी माझ्याआधी तोंडानं हिशोब करून सांगितलं. एक गुंठा एक हजार एकोणनव्वद. मला हे पाठ करायला ऑफिसात दोन दिवस लागले होते.

रविवार, १५ डिसेंबर : आंबोली घाट, कुडाळ आणि एक जत्रा

सकाळी सहाला निघून निपाणी, आजरा, आंबोली. आजऱ्याला एका खानावळीत घनसाळ तांदळाचा भात मिळाला. भात आला आणि टेबलावरचं बोलणं थांबलं, वास तसाच आहे. घरी न्यायला पाच किलो घेतला.

आंबोलीत पावसाळ्यात गर्दी असते, डिसेंबरात माणूस नाही. धबधबा बारीक झालेला, दरीतून ढग वर येत होते. घाट उतरलो आणि हवा एकदम बदलली. स्वेटर काढावे लागले. आणि पाट्या सुरू झाल्या. सी व्ह्यू प्लॉट, आंबा-काजू फार्म प्लॉट, क्लिअर टायटल, मोबाइल नंबर. सावंतवाडीपर्यंत मी मोजत होते, मग सोडून दिलं. ऑफिसात अशा पाटीवर लिहायचा मजकूर आम्ही जेवणाच्या सुट्टीत ठरवायचो. 'क्लिअर टायटल' हे शब्द जेवढे मोठे, तेवढी कागदपत्रं नीट बघायची, एवढं वाचकांना अनुभवानं सांगते.

(घाट दिवसाउजेडी उतरा. नेपथ्याची गाडी भरलेली असेल तर दर वळणावर टेबलं सरकतात. आम्ही सतरंज्या मध्ये कोंबल्या होत्या म्हणून ओटा वाचला. उलटीच्या गोळ्या घाटाच्या अर्धा तास आधी घ्या, घाटात नाही.)

कुडाळचा प्रयोग आमच्या चारही प्रयोगांतला सगळ्यात चांगला झाला. छोटं सभागृह, ऐंशी माणसं, लाइट नीट. ज्या शिक्षकांनी प्रयोग ठरवला होता त्यांनी दुपारीच बजावलं होतं, "जेवल्याशिवाय जावचा नाय." काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. प्रयोगाआधी एवढं खाऊ नये हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा त्या रात्री बावीस सेकंद थांबले. बावीस सेकंद ओट्यावर बसून मी त्यांच्याकडे बघत होते. दहाव्या सेकंदानंतर मला माझ्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप जड वाटायला लागलं. सूपातले तांदूळ खरे होते, सकाळी घेतलेले घनसाळ. बोट फिरवलं तर त्याचा वास आला. पंधराव्या सेकंदाच्या सुमारास पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मान हलवली. अगदी थोडी, नकाराची. तिच्या घरातही कुणीतरी ओट्यावर बसून असा भाव ऐकला असावा, असं मला वाटलं. मी चहा विचारला तो तिच्याकडे न बघता.

प्रयोग उरकून कपडे बदलेपर्यंत दहा वाजले. शिक्षक म्हणाले, इथून जवळच्या गावात आज जत्रा आहे, दशावतार आहे, येताय? त्रिपुरी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा लागतात आणि प्रत्येक जत्रेला दशावतारी कंपनी. थकलो होतो, पण गेलो.

देवळाच्या आवारात मांडव, त्यात एक साधं बाकडं. दशावतारात ते सिंहासन असतं, रथ असतं, डोंगरही असतं. बाजूला नट रंगायला बसले होते. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक उघडी, झाकणाला आरसा, समोर बल्ब. साठीच्या पुढचे एक गृहस्थ पाय पसरून बसले होते, पायात घुंगरू नव्हते, चेहऱ्यावर पांढरं लावून झालं होतं आणि ते हळूहळू राणी होत होते. दाढीचे खुंट बोटानं तपासले, पुन्हा पांढरं लावलं, भुवया काढल्या, मग नऊवारी. त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि खांदा खाली आला. तेवढ्यानं वय गेलं.

आमच्या दिग्दर्शकानं विचारलं, आज कोणतं आख्यान? ते म्हणाले, अजून ठरलं नाही, संध्याकाळी गावकऱ्यांनी दोन नावं सुचवलीत. संहिता नाही. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग संकासुराचा धिंगाणा, आणि मग आख्यान. संवाद उभ्याउभ्या, रात्रभर. पेटी, पखवाज, झांज.

मी त्यांना आमच्या शांततेबद्दल सांगितलं. बावीस सेकंद कुणी बोलत नाही, आणि कोल्हापुरात आमचा नट थांबू शकला नाही. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "आमी थांबलो तर पेटीवालो सूर धरता. तुमका कोण धरता?"

अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पहाटे चारपर्यंत ते मांडवाच्या कडेला, मातीत, चादर पांघरून बसून राहिले. आम्ही बाकीचे खाजं खात होतो. मालवणी खाजं, बेसनाच्या कांड्या, आल्याच्या गुळात घोळवलेल्या. जत्रेतलं ताजं खाजं पहिल्या दिवशी खावं, दुसऱ्या दिवशी ते दाताला चिकटतं.

सोमवार, १६ डिसेंबर : सावंतवाडी

सुट्टीचा दिवस. दुपारपर्यंत झोपलो. संध्याकाळी सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी गेलो. बाकीचे लाकडी खेळणी बघायला बाजारात गेले, मी कठड्यावर बसून मोबाइलवर महाभूलेख उघडलं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. सातबारा दिसायला पैसे लागत नाहीत.

आजोबांचं नाव नव्हतं. मूळ शेतकऱ्याच्या वारसांची चार नावं, आणि इतर हक्कात एका पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा.

असं का होतं ते लिहिते, कारण प्रत्येक गावात प्रयोगानंतर हाच प्रश्न आला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा, मंजूर रेखांकन नसेल तर, खरेदीखतानं सहसा नोंदवता येत नव्हता. मग विकणारा 'आत्ता नोटरी करू, एनए (बिगरशेती) झालं की खरेदी देऊ' म्हणायचा. नोटरी केलेल्या साठेखतानं मालकी येत नाही. सातबाऱ्यावर नाव चढत नाही. एनए होत नाही, ऑफिस दुसरीकडे जातं, आणि कागद पिशवीत राहतो. आम्ही फोनवर 'नोटरी' हा शब्द उच्चारायचो नाही, 'अॅग्रीमेंट' म्हणायचो. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

आजोबांना फोन लावला. काय दिसलं ते सांगितलं. पलीकडून काही आवाज आला नाही. तलावातलं कारंजं सुरू झालं होतं, पोरं ओरडत होती. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच ही शांतता मला समोरच्यावर टाकायची नव्हती, त्याला द्यायची होती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "म्हंजे माज्या नावावर काय न्हाई." मग लगेच, "आता कुणाला भेटायचं?" साठेखताची प्रत, पैसे दिल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा असं सगळं घेऊन आधी वकिलाला दाखवा, नवीन पैसे कुणालाही देऊ नका, 'मी सोडवून देतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही, असं सांगितलं. सांगलीतल्या आमच्या आयोजकांनी ओळखीच्या वकिलाचा नंबर त्यांना दिला.

मंगळवार, १७ डिसेंबर : फोंड्याजवळ

पत्रादेवीहून गोव्यात शिरलो. म्हापशाला पातळ भाजी, पाव, मिरची आणि बन्स. बन्स थोडे गोड असतात, तिखट पातळ भाजीबरोबरच खायचे.

प्रयोग म्हार्दोळच्या बाजूला, एका देवळाजवळच्या मंडपात होता. गोव्यात गावागावात नाटक आहे, जत्रेला गावकरी स्वतः उभे राहतात, त्यामुळे प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला. खुर्च्या घरून आणलेल्या, पोरं पुढं चटईवर. आयोजक काकींनी आधीच सांगितलं, "जमिनीचं नाटक म्हणून हांगा लोक येतले." आले. बसायला जागा उरली नाही. पहिल्या अंकात 'ऑर्चर्ड झोन काय, सेटलमेंट काय, कागद आमचा' हे वाक्य आम्ही गोव्यासाठी घातलं होतं (ऑर्चर्ड म्हणजे बागायतीची जमीन, सेटलमेंट म्हणजे घरं बांधायची). त्यावर जो हशा पडला त्यात गंमत कमी आणि राग जास्त होता.

तिसरा प्रवेश. अण्णा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांनी भाव सांगितला. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी याआधी कधी केली नव्हती : नजर माझ्यावरून काढली आणि स्वतःच्या हातातल्या बॅगेकडे बघत राहिले. विक्रेत्यानं नजर काढायची नसते. पण त्या क्षणी तो माणूस मला पहिल्यांदा थकलेला दिसला, महिनाअखेरीचा, घरी हप्ता थकलेला. मागं समुद्राकडून येणारा वारा, मंडपाचं कापड हलत होतं. पंधरा सेकंद झाले असतील, नक्की माहीत नाही, कारण पोऱ्या मोजायचं विसरला.

काळोखातून, बायकांच्या बाजूनं, आवाज आला.

"नाका गे बाय, नाका!"

कुणी हसलं नाही. कुणी तिला गप्प केलं नाही. माझ्या तोंडात 'चहा घेणार?' आलेलं होतं, ते तिथंच राहिलं. मी सूप खाली ठेवलं, उठले आणि आत गेले. अण्णा एकटे उरले. पुढं काय हे संहितेत नाही. ते बॅग उचलून, दोनदा मागं बघून, हळूच गेले. पोऱ्यानं ओट्यावरचा लाइट तसाच ठेवला, सूपावर. मग हळूहळू घेतला.

नंतर त्या बाईंना भेटायला मी बराच वेळ थांबले. काकींनाही नक्की कोण ते कळलं नव्हतं. दोघींनी सांगितलं ती मी नव्हे, तिसरी नुसती हसली आणि माझ्या हातात शहाळं दिलं.

बुधवार, १८ डिसेंबर : परत

चोर्ल्याच्या घाटातून बेळगाव, तिथं कुंदा घेतला, मग हायवे. सगळे झोपले होते. अण्णा पुढं ड्रायव्हरशेजारी जागे होते, साताऱ्याच्या पुढं मला म्हणाले, "चहाची ओळ ठेवायची का?"

घरी आल्यावर ती ओळ पेन्सिलीनं खोडली. पेननं नाही. फेब्रुवारीत मिरजेला प्रयोग आहे, तिथं ट्यूबलाइट असल्या तर लागेल. आजोबा नातवाला घेऊन येतो म्हणालेत. त्यांच्यासाठी दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत, गुडघे दुखतात त्यांचे.